पान मिटलं की जाणारी भीती
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी कवी आहे, असं लोक म्हणतात. त्यामुळे घरी आलेला पाहुणा आधी माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे बघतो. त्याला तिथं ज्ञानेश्वरी दिसते, गालिब दिसतो, मर्ढेकर दिसतात. तो समाधानानं मान हलवतो. मग त्याची नजर खालच्या कप्प्यावर जाते आणि चेहरा बदलतो. खालच्या कप्प्यात नारायण धारप आहेत, रत्नाकर मतकरी आहेत आणि वाचून वाचून पाठीला चिकटपट्टी लावलेली काही पुस्तकं आहेत. पाहुणा विचारतो, “हे मुलांचं का?” मी म्हणतो, “नाही, माझंच.” मग थोडा वेळ कोणी काही बोलत नाही.

आज मला त्या खालच्या कप्प्याबद्दल बोलायचं आहे. मी समीक्षक नाही, नुसता रसिक आहे. बीएला मराठी घेतलं होतं, पण परीक्षेत भुताखेतांवर कधी प्रश्न आला नाही. तेव्हा आज सांगेन ती माझी मतं आहेत. पटली तर ठेवा, नाही तर रेडिओचं बटण तुमच्याच हातात आहे.

सुरुवात घरापासून करतो. आमचं बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात गेलं. घरात दखनी आणि उंबऱ्याबाहेर मराठी, अशी आमची दोन भाषांची शेती. आमच्याकडे माझी धाकटी खाला राहायची. खाला म्हणजे मावशी. ती मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. उर्दू तिला वाचता येत नव्हतं, पण मराठी ती अधाशासारखी वाचायची. गावच्या वाचनालयातून तिच्यासाठी पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे. ग्रंथपाल म्हणायचे, “घे रे, तुझ्या मावशीचं भूत आलंय.” म्हणजे धारपांचं नवं पुस्तक आलंय.

रात्री वीज गेली की खाला कंदिलाजवळ बसून आम्हा मुलांना ती गोष्ट सांगायची. मूळ पुस्तकातले देशमुख, जोशी तसेच ठेवायची, पण भुताच्या जागी जिन्न घालायची. वाडा आमच्या गावातला करायची, विहीर आमच्या मळ्यातली. आता कळतं की मी पाहिलेलं पहिलं माध्यमांतर तेच. पुढं शिकायला मी सांगलीला गेलो. साताऱ्याहून एस.टी.नं निघायचं, कराड, पेठनाका, आष्टा करत सांगली गाठायची. त्या प्रवासात मी धारप, मतकरी आणि जी. ए. कुलकर्णी वाचून काढले. आष्ट्याच्या पुढं अंधार पडला की पुस्तक मिटायचो. खिडकीबाहेरचा ऊस मग फार उंच वाटायचा.

या तिघांची भीती तीन जातींची आहे, असं मला वाटतं. धारपांची भीती बाहेरून येते. काहीतरी अमंगळ दाराशी येऊन उभं राहतं आणि त्याच्याशी झुंजायला त्यांचा ‘समर्थ’ असतो. वाचक घाबरतो, पण पाठीशी कुणीतरी आहे हा भरवसा सुटत नाही. मतकरींनी आपल्या कथांना गूढकथा म्हटलं. त्यांची भीती घरातून येते. चाळीतल्या, फ्लॅटमधल्या, ऑफिसला जाणाऱ्या साध्या माणसाच्या मनात एक फट असते आणि तिच्यातून ती डोकावते. ‘खेकडा’ ज्यांनी वाचली त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. जी. एं.ची भीती या दोन्हींहून वेगळी. तिथं भूतच नसतं, नियती असते. धारप वाचून झोप लागत नाही. जी. ए. वाचले की झोप लागते, पण सकाळी उठल्यावर जग कालच्यासारखं राहिलेलं नसतं.

आता मूळ प्रश्न. ही भीती विकत घेऊन वाचायची कशाला? आयुष्यात ती कमी आहे का?

हा प्रश्न मला फार जवळून भेटला. मी कॉलेजात असताना खालाचं पहिलं मूल जन्मल्यावर आठवड्याभरात गेलं. ती बोलेनाशी झाली. जेवायची नाही, भिंतीकडे बघत बसायची. घरच्यांनी ठरवलं, साया पडला. आमच्यात साया म्हणतात, शेजारी बाहेरची बाधा म्हणायचे. दुखणं एकच, आणि शेजारणीनं आणि आमच्या दादीनं सुचवलेला इलाजही एकच. तिला एका बाबाकडे नेलं. त्याचं नाव-गाव सांगत नाही, सगळ्या धर्मांत त्याचे भाऊबंद आहेत. त्यानं तिच्या नाकाशी मिरचीची धुरी धरली, केस ओढले आणि तिच्या तोंडून जिन्नाचं नाव वदवून घेतलं. तिनं नाव सांगितलं. मला ते नाव ऐकून धक्का बसला. कारण ते तिनंच आम्हाला कंदिलाच्या उजेडात सांगितलेल्या गोष्टीतलं होतं. मार थांबावा म्हणून तिनं गोष्टीतलं पात्र पुढं केलं होतं.

श्रोतेहो, तेव्हा मला वाटलं, दोष या पुस्तकांचाच. मी वर्षभर एकही भयकथा वाचली नाही.

मग एके दिवशी आमच्या कॉलेजजवळ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांचा कार्यक्रम झाला. एका कार्यकर्त्यानं नारळातून ज्वाळा काढून दाखवली. मुलं श्वास रोखून बघत होती. नंतर त्यानं हसत हसत सांगितलं, आत कुठलं रसायन होतं आणि वरून पाणी शिंपडल्यावर ते का पेटलं. टाळ्या पडल्या. मी मात्र तिथंच अडकलो. बाबाही हेच करतो की! मग फरक कुठं आहे? तर फरक शेवटच्या वाक्यात आहे. कार्यकर्ता सांगतो, ही करामत आहे. बाबा ते सांगत नाही.

लेखकही ते सांगतो. पुस्तकावर ‘कथासंग्रह’ असं छापलेलं असतं. “मी तुम्हाला घाबरवणार आहे, हे खोटं आहे, तुम्ही राजी आहात का?” असं विचारून तो घाबरवतो. शेवटच्या पानावर तो दार उघडून तुम्हाला बाहेर सोडतो. भोंदू दाराला बाहेरून कडी घालतो. तेव्हापासून माझा हिशेब असा आहे. ‘ही गोष्ट आहे’ असं सांगून भीती देतो तो कलावंत, आणि न सांगता देतो तो सावकार. तो पुढं व्याज वसूल करतो.

साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात शिकले, मिरजेत डॉक्टर झाले. कबड्डीचे नामांकित खेळाडू होते. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं पायपीट केली, त्याचा वटहुकूम खुनानंतर अवघ्या काही दिवसांत निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. त्या दिवसांत मला एक मित्र म्हणाला, “आता तरी तुझी ती भुताची पुस्तकं रद्दीत घाल.” मी म्हणालो, “उलट आता जास्त वाचली पाहिजेत.” भीतीचा व्यायाम ज्यानं पुस्तकात केलाय, त्याला बाजारात भीती विकायला आलेला माणूस लवकर ओळखू येतो. निदान यावा.

खाला पुढं बरी झाली. एका सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला गोळ्या दिल्या, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्या गेलेल्या मुलाचं नाव विचारलं. तोवर ते कुणी विचारलंच नव्हतं. जिन्नाचं नाव सगळ्यांनी विचारलं होतं.

आता सिनेमाकडे वळू. पुस्तकावर सिनेमा निघाला की आपण रसिक लोक लगेच म्हणतो, “पुस्तकाची सर नाही.” मीही म्हणत असे. ‘तुंबाड’नं माझी ही सवय मोडली. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरात आला. त्याचं बी धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे आणि धारपांची ‘आजी’ स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या कथेवरून घेतलेली. नाव मात्र श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ची आठवण करून देणारं. बघा, अमेरिकेतली म्हातारी पुण्याच्या लेखकाकडे आली, तिथून कोकणातल्या पावसात गेली आणि शेवटी हिंदी बोलू लागली. याला कुणी चोरी म्हणेल. मला यात माझी खाला दिसते. तीही जोशींच्या वाड्यात जिन्न घालायची. गोष्टी अशाच गावं बदलत जगतात. फक्त कुठून आणली ते मोकळेपणानं सांगावं, इतकंच.

या चित्रपटातली मला आवडलेली एक गोष्ट पडद्यावर दिसतच नाही. त्यात जी शापित आजी आहे, साखळदंडात झोपलेली, ती भूमिका मोहम्मद समद नावाच्या मुलानं केली आहे. त्याच चित्रपटात नायकाचा मुलगा पांडुरंगही तोच. मला हे नंतर कळलं आणि मी घरात एकटाच हसलो. खालाला हे फार आवडलं असतं.

‘तुंबाड’ला मूळ कथेतलं काय मिळालं? प्रसंग थोडेच मिळाले. मिळाली ती एका लहान मुलाची, म्हातारीबरोबर घरात एकटं राहण्याची भीती. बाकी सगळं, तो लोभ, तो हस्तर, ती सोन्याची नाणी, चित्रपटानं आपलं आपण कमावलं. माध्यमांतराचा माझा निकष म्हणूनच साधा आहे. कथेतले प्रसंग मोजू नका. कथा वाचताना जिथं श्वास अडला होता, तिथंच तो सिनेमात अडतो का, ते बघा. २०२४ च्या सप्टेंबरात हा चित्रपट पुन्हा लागला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त लोकांनी तो थिएटरात पाहिला. म्हणजे प्रेक्षक कधी कधी उशिरा येतो, पण येतो.

आपल्या सांगली जिल्ह्याचंही एक उदाहरण आहे आणि ते आपण विसरतो. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या मळणगावचे दिनकर दत्तात्रय भोसले ‘चारुता सागर’ या नावानं कथा लिहायचे. नाव वाचून अनेकांना लेखिका वाटायची. त्यांची ‘नागीण’ वाचा. तिथं भूत शोधायला जावं लागत नाही, माणूसच पुरेसा असतो. राजीव पाटील यांचा २००९ चा ‘जोगवा’ हा चित्रपट त्यांच्या ‘दर्शन’ या कथेवर आणि राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेला आहे. उपेंद्र लिमये यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देवाच्या नावानं एका पुरुषाला लुगडं नेसवून जोगता करायचं आणि एका पोरीला जोगतीण करायचं, यापेक्षा भयंकर गोष्ट कुठला धारप लिहील? चित्रपटातली ती दोघं शेवटी ते जोखड झुगारतात. काही जाणकारांना तो शेवट सोपा वाटला. मला वाटलं नाही. आमच्या भागातल्या ज्या बाईनं तो चित्रपट बघितला असेल, तिला त्या दोन तासांत एक दार दिसलं असेल. कथेनं जखम दाखवायची, सिनेमानं कधी कधी दारही दाखवावं. त्यात कलेचं काही बिघडत नाही.

मतकरींनी तर वयाच्या सत्तरीनंतर स्वतःच्या कथेवर स्वतःच ‘इन्व्हेस्टमेंट’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलाच्या हातून भयंकर काही घडतं आणि शिकलेसवरलेले आईबाप ते झाकायला धडपडतात, इतकीच गोष्ट. पडद्यावर एकही भूत नाही, आणि तरी घरी परतताना मी माझ्या मुलीच्या दप्तराकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं होतं. २०२० च्या मे महिन्यात करोनानं मतकरी गेले. त्या रात्री मी ‘खेकडा’ पुन्हा वाचली. श्रद्धांजलीची आमची तीच पद्धत.

आता थोडं हसूया. माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. सुट्टीला आली की टीव्हीला मोबाइल जोडून मला ‘स्पेशल’ दाखवते. एक माणूस, एक माईक, प्यायला पाणी आणि तासभर बोलणं. ती म्हणाली, “अब्बा, हे नवीन आहे.” मी म्हणालो, “बेटा, नवीन फक्त माईक आहे.” पु. लं.नी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं रंगमंचावर उभी केली. लक्ष्मण देशपांडे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटे बावन्न माणसं व्हायचे. आणि आमच्या माणदेशातले माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघं गावोगाव कथाकथन करत फिरायचे. तिघं खुर्चीत बसून नुसती गोष्ट सांगायचे आणि मैदानात शेंगदाण्याची टरफलं पडायची थांबायची.

याच मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ ही कथा आहे. माझ्या कप्प्यातल्या भीतीचं आणि हसण्याचं लग्न त्या कथेत लागलंय. गावात भूत कसं जन्माला येतं? एकाला काहीतरी दिसतं, दुसरा त्यात भर घालतो, तिसऱ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याला हातपाय फुटतात. ऐकताना आपण हसून हसून लोळतो. पण आता तीच कथा वाचताना माझं हसू अर्ध्यावर थांबतं. २०२३ च्या सप्टेंबरात आमच्याच सातारा जिल्ह्यात, पुसेसावळीत, मोबाइलवरच्या मजकुरावरून दंगल उसळली आणि एका तरुणाचा जीव गेला. त्या आठवड्यात आमच्या घरच्या फोनवरही कुठून कुठून निरोप येत होते. प्रत्येक निरोपात आधीच्या निरोपापेक्षा दोन हातपाय जास्त. काही ‘त्यांच्या’विषयी, काही ‘आमच्या’विषयी. एकावरही ‘कथासंग्रह’ असं लिहिलेलं नव्हतं. मिरासदारांचं भूत लोकांना हसवून गेलं. हे भूत कडी घालून बसलं होतं.

हसण्यालाही मी तोच हिशेब लावतो. विनोदी माणूस आधी स्वतःला मंचावर ठेवतो का? इंदूरचा झाकिर खान मला आवडतो तो याचसाठी. त्याच्या गोष्टीतला हरणारा माणूस तोच असतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यानं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हिंदीतून कार्यक्रम केला. मराठीतही ‘भाडिपा’च्या पोरांनी हा प्रकार रुजवला. सगळं आवडतं असं नाही. शिवी हा विनोद नव्हे, फार तर विनोदाची फोडणी. नुसत्या फोडणीनं पोट भरत नाही. आणि खेड्यातल्या माणसाच्या बोलीला, जाड्या बाईला, तोतऱ्याला, किंवा ‘हम करेगा, तुम जायेगा’ अशा ठरीव मुसलमान पात्राला हसवणुकीचं भांडवल करणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. राग येत नाही, कंटाळा येतो. कारण तो विनोद करायला डोकं लागत नाही.

माझाच अनुभव सांगतो. एका गावी कविसंमेलनानंतर एक गृहस्थ फार आपुलकीनं जवळ आले आणि म्हणाले, “सर, तुम्ही मराठी किती छान बोलता!” मी म्हणालो, “तुम्हीही छान बोलता.” ते क्षणभर गोंधळले, मग इतके मोठ्यानं हसले की त्यांचा चहा सांडला. पुढं आमची मैत्री झाली. चांगल्या विनोदात असंच होतं. चिमटा बसतो, पण हात हातातच राहतो. तो गृहस्थ आजही फोन करतो आणि म्हणतो, “अजून छानच बोलता हो.”

भीती आणि हसू ही सख्खी भावंडं आहेत, हे मी आता वयाच्या पन्नाशीनंतर खात्रीनं सांगतो. दोन्ही अंगावर येतात, डोक्याला विचारत नाहीत. दोन्हींना वेळ साधावी लागते. क्षणभर उशीर झाला की भुताचं माकड होतं आणि विनोदाचं सुतक. दोन्हींचा उपयोग माणसाला मोकळं करायला होतो, तसा बांधून ठेवायलाही होतो. म्हणून मुलांना भुताच्या गोष्टी जरूर सांगा, पण शेवटी कंदील मोठा करून सांगा की ही गोष्ट होती. मुलांना हसवा, पण ज्याच्यावर हसलो तो समोर बसलेला असता तर आपण हसलो असतो का, एवढंही विचारा.

खाला जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटी शेवटी तिला दिसायचं कमी झालं होतं, म्हणून मी तिला वाचून दाखवायचो. एकदा मी भीत भीत विचारलं, “खाला, तुझ्याबरोबर जे झालं, त्यानंतरही तुला हे ऐकावंसं वाटतं?” ती दखनीत म्हणाली, “किस्से का जिन्न अच्छा रे. किताब बंद करे तो जाता.” मग म्हणाली, “पढ आगे.”

मी पुढं वाचू लागलो.